बोनापार्ट्स रिट्रीट आणि पूर्व केंटकीचं फिडल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बोनापार्ट्स रिट्रीट’ म्हणजे बोनापार्टची माघार, ही धून मी कुठे ऐकली असेन?

बहुतेक नाव माहीत नसताना ऐकली असेल. एरन कोपलंड या अमेरिकन संगीतकाराच्या ‘रोडिओ’ या बॅलेचा शेवटचा भाग ‘हो-डाउन’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात व्हायोलिनांचा ताफा जी धून घेऊन सुसाट सुटतो, ती हीच. इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश रॉक त्रिकुटाने १९७२ मध्ये ‘हो-डाउन’ ऑर्गन-सिंथेसायझरवर आणलं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या गोमांस उत्पादकांनी ते टीव्हीवरच्या जाहिरातींत वापरलं, त्यामुळे तिकडच्या एका पिढीला या धुनेबरोबर ताटातली स्टेकच आठवते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच रेकॉर्डिंग आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या सॅलियर्सव्हिल या गावी बिल स्टेप नावाच्या फिडलवादकाने ही धून वाजवली आणि ती तबकडीवर उतरवून घेतली गेली. जग जिला ‘अमेरिकेचा आवाज’ म्हणून ओळखतं, ती एका माणसाची, एका दिवशीची, आणि त्याच्या डोंगराळ भागातल्या इतर वादकांपेक्षाही निराळी अशी वाजवण्याची तऱ्हा आहे. मला या धुनेत सगळ्यात जास्त रस आहे तो यासाठी.

फिडल आणि व्हायोलिन वेगळी वाद्यं आहेत का?

नाही. लाकूड तेच, चार तारा त्याच, गजही तोच. फरक हातात आणि परंपरेत. डोंगरातले वादक घोडीची, म्हणजे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याची, वरची कड थोडी घासून सपाट करतात, म्हणजे गज एकाच वेळी दोन तारांवर सहज बसतो. बरेच जुने वादक फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवत. रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा फिडलच्या पोटात टाकून ठेवायची पद्धतही होती. आवाज सुधारतो म्हणून, ओल धरत नाही म्हणून, उंदीर लांब राहतात म्हणून, जो तो आपलं कारण सांगे.

नाव नेपोलियनचं, मग धून अमेरिकन कशी?

नेपोलियन हा त्या काळी युरोपभर गाण्यांचा विषय होता, आणि आयर्लंडमध्ये तर विशेष. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आयरिश बंडखोरांच्या मदतीला खरोखरच मेयो परगण्यात उतरलं होतं, त्यामुळे ‘बोनी’बद्दल तिथल्या लोकांना आशाही होती आणि पुढे हळहळही. आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबांबरोबर या नावाच्या चाली अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरात पोचल्या. बोनापार्ट ऱ्हाइन ओलांडतो, आल्प्स ओलांडतो, एका धुनेत तर रॉकी पर्वतसुद्धा ओलांडतो! भूगोलाचा हट्ट कुणी धरला नाही.

पेनसिल्व्हेनियात लोकधुना गोळा करणाऱ्या सॅम्युएल बायर्ड यांनी या धुनेचं नातं ‘ईगल्स व्हिसल’ या आयरिश कूचगीताशी जोडलं आहे. ऐकताना ते पटतं, कारण अमेरिकेत ही धून बहुतेक ठिकाणी संथ कूचगीतासारखीच वाजत आली आहे. एका सुराची अखंड गुंज मागे आणि तिच्यावर बॅगपाइपसारखी हेलकावणारी चाल. वादक वाजवण्याआधी गोष्टही सांगत : हे ढोल, हा वारा, ही बर्फातून पाय ओढत परतणारी फौज. माघार मॉस्कोहूनची की वॉटर्लूवरची, हे सांगणाऱ्यावर अवलंबून.

बिल स्टेप कोण होता?

विल्यम हॅमिल्टन स्टेप. जन्म १८७५ चा, ली परगण्यातला. आयुष्याचा मोठा भाग मगॉफिन परगण्यात गेला. सॅलियर्सव्हिल हे त्या परगण्याचं मुख्य गाव, लिकिंग नदीच्या काठचं. लोक त्याला ‘फिडलर बिल’ म्हणत. रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. १९५७ मध्ये तो वारला. म्हणजे ‘रोडिओ’ रंगमंचावर आल्यावर तो आणखी पंधरा वर्षं जगला.

त्याच मगॉफिन परगण्यात जॉन सॅलियर नावाचा आणखी एक विलक्षण वादक होता, स्टेपपेक्षा सात वर्षांनी लहान. त्याने रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवायला नकार दिला होता. १९४१-४२ मध्ये त्याच्या मुलांनी घरीच यंत्रावर त्याचं वादन उतरवून ठेवलं, म्हणून ते आज बेरिया कॉलेजच्या संग्रहात ऐकता येतं. दोघांचं वादन एकापाठोपाठ एक ऐका. परगणा एक, काळ एक, आणि गज दोन टोकांचे : सॅलियरचा गुळगुळीत, वळणावळणाने जाणारा, स्टेपचा ठोकून बोलणारा. ‘पूर्व केंटकी शैली’ असं एका दमात म्हणून टाकणाऱ्यांनी हा प्रयोग आवर्जून करावा.

रेकॉर्डिंग कुणी केलं?

अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी. अ‍ॅलन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. १९३७ च्या शरद ऋतूत तबकडी कोरणारं अवजड यंत्र मोटारीत घालून ते दोघं पूर्व केंटकीतल्या परगण्यांमागून परगणे फिरले. याच दौऱ्यात, सप्टेंबरमध्ये, मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना जे गाणं म्हणून दाखवलं ते पुढे ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ म्हणून जगभर गेलं. आणि महिनाभराने स्टेप. अमेरिकन संगीतातली दोन मोठी गाणी एकाच मोटारीतून बाहेर आली म्हणायची.

स्टेपचं हे रेकॉर्डिंग २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झालं. ते काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहातून ऐकता येतं.

पण ही धून त्याआधी रेकॉर्ड झालीच नव्हती?

झाली होती. जॉर्जियातल्या ए. ए. ग्रे यांनी १९२४ मध्येच अटलांटात ‘ओके’ (Okeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी ती एकट्याने वाजवली होती. स्किलेट लिकर्स या गाजलेल्या जॉर्जियन संचाचीही तबकडी १९२९ ची आहे. तरी कोपलंडपर्यंत पोचला तो स्टेप.

मग स्टेपने असं काय वेगळं केलं?

त्याने कूचगीताचं नाचगाणं केलं. बाकीचे जिथे माघार घेणाऱ्या फौजेच्या पावलाने चालतात, तिथे स्टेप घोड्यावर बसून निघतो. बंदिश तीच आणि एका गवयाने ती विलंबितात मांडावी, दुसऱ्याने थेट द्रुतात उचलावी, आणि मग ऐकणाऱ्याला वाटावं की ती मुळातच द्रुतासाठी बांधली होती, तसं इथे झालं आहे.

पण नुसती लय वाढवून हे होत नाही. लय वाढवली की गुंज तुटते, हे कुणीही करून बघावं. खालची सैल तार द्रुत गजाला साथ देत नाही, घरघरते. स्टेपने गुंज तोडली नाही, तिचे तुकडे केले : संथ वादनात अखंड वाहणारा खालचा सूर त्याच्याकडे ठोक्याठोक्याने येतो. गज मुख्य तारेवरून क्षणभर शेजारच्या तारेवर झुकतो आणि परत येतो, आणि त्या झुकण्यातूनच ठेका तयार होतो. म्हणून एकटं फिडल असूनही मागे कुणीतरी तबला धरलाय असं वाटत राहतं. धुनेचा वरच्या सुरांतला भाग तो असा काही उसळवतो की कोपलंडला तिथे फारसं काही करायला उरलं नव्हतं. ही माझी मतं आहेत, पण स्टेप ऐकून लगेच ‘हो-डाउन’ ऐका, मग भांडायला या.

पूर्व केंटकीच्या शैलीची खूण कोणती?

सॅलियर आणि स्टेप यांच्यातला फरक वर सांगितलाच, त्यामुळे ‘सगळे असंच वाजवतात’ असं म्हणता येणार नाही. पण त्या भागातल्या जुन्या वादकांचं ऐकलं की काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्यांना कारणंही आहेत.

पहिली, फिडल एकटं असणं. डाकेने कॅटलॉगमधून स्वस्त गिटारी डोंगरात येऊ लागण्याआधी साथीला फार तर बँजो असे, बरेचदा तोही नसे. एकट्या वाद्याला चाल, गुंज आणि ठेका तिन्ही सांभाळावे लागतात. म्हणून शेजारची उघडी तार सतत बोलत ठेवायची, म्हणून धुनेगणिक तारा वेगळ्या लावायच्या, म्हणून घोडी सपाट करायची. या तिन्ही सवयी एकाच गरजेतून आलेल्या आहेत.

दुसरी, वाकड्या धुना. नेहमीच्या नाचाच्या धुनेत मात्रांचा हिशेब चोख असतो : दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, की आवर्तन पुरं. केंटकीत मात्र एखाद्या ओळीच्या शेवटी वादक सूर आवडला म्हणून दोन मात्रा जास्त थांबतो, किंवा एखादी गाळून पुढे जातो. साथीदारच नाही तर हिशेब कुणाला द्यायचा? पण ते दरवेळी त्याच जागी घडतं, म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही. तिकडे अशा धुनेला सरळ ‘क्रुकेड’ म्हणतात.

तिसरी, स्वरांच्या जागा. गंधार आणि निषाद बरेचदा ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी लागतात. बोट खालून घसरत वर येतं आणि पियानोच्या पट्टीपर्यंत पोचायच्या आत थांबतं. श्रुतींची सवय असलेल्या मराठी कानाला हे चटकन कळतं. पियानोवर वाढलेल्या कानाला मात्र हा माणूस बेसूर वाटतो, आणि कित्येक सुशिक्षित अमेरिकनांनी या वादकांना तसं ठरवलंही.

चौथी, भागांची नावं. खालच्या जाड तारांवरच्या भागाला ‘कोर्स’, वरच्या बारीक तारांवरच्या भागाला ‘फाइन’. बरेच वादक फाइन भागापासूनच सुरुवात करतात, म्हणजे नाचणाऱ्यांना आधी उसळी मिळते. शिकताना ‘पहिला भाग, दुसरा भाग’ म्हणत बसलात तर गोंधळ होईल.

दुसऱ्या प्रांतांतलं फिडल कसं वेगळं?

नॉर्थ कॅरोलायनाच्या सरी परगण्यातल्या राउंड पीक भागात फिडल आणि बँजो एकमेकांत विणल्यासारखे चालतात. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) हे त्या पंथाचं मोठं नाव. तिथे चालीइतकाच, कधी चालीपेक्षा जास्त, गजाचा ठेका महत्त्वाचा. टेक्ससमध्ये गज लांब ओढतात आणि प्रत्येक फेरीला धुनेचं रूप बदलतात. तो स्पर्धांचा मुलूख आहे, तिथे कल्पकतेला गुण मिळतात. ‘एक’ (Eck) रॉबर्टसन यांनी १९२२ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी वाजवलेलं ‘सॅली गुडेन’ ऐकलंत तर लगेच समजेल. जॉर्जियाचे संच त्या मानाने धांगडधिंग्याचे, दोन-दोन फिडलं, गिटार, मधूनच आरोळ्या. मला ते मजेदार वाटतात, पण सलग फार वेळ ऐकवत नाहीत.

हे ब्लूग्रासच ना?

नाही, जरी ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराचे जनक बिल मन्रो केंटकीचेच. ते राज्याच्या पश्चिमेकडचे, आणि आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात तो घाट १९४५-४६ च्या सुमारास, बँजोवादक अर्ल स्क्रग्ज त्यांच्या संचात आल्यावर बसला. ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवतात. स्टेपच्या परंपरेला आता ‘ओल्ड टाइम’ म्हणतात, आणि तिथे सगळे एकच चाल एकत्र, पुन्हा पुन्हा वाजवतात. ओल्ड टाइमवाल्यांना ब्लूग्रासवाले म्हटलेलं आवडत नाही. उलटही खरं आहे.

हे सगळं गोऱ्यांचंच संगीत आहे का?

तसा समज १९२० च्या दशकातल्या रेकॉर्ड कंपन्यांनी रुजवला. काळ्या कलाकारांच्या तबकड्या एका यादीत, गोऱ्या डोंगराळ कलाकारांच्या दुसऱ्या, आणि मग काळा फिडलवादक कुठल्याच यादीत नीट बसेना. प्रत्यक्षात गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या नाचांना फिडल वाजवणारे मोठ्या संख्येने काळे होते. सॉलोमन नॉर्थप यांनी आपल्या १८५३ च्या आत्मकथनात फिडलनेच आपल्याला गुलामीत तगवलं असं सांगितलं आहे. बँजो तर आफ्रिकेतूनच आलेल्या वाद्यांचा वंशज.

खुद्द केंटकीत जिम बुकर या काळ्या फिडलवादकाने १९२७ मध्ये टेलर्स केंटकी बॉइज या गोऱ्या संचाबरोबर इंडियानातल्या गेनेट कंपनीच्या स्टुडिओत वाजवलं. एकाच तबकडीवर दोन वर्णांचे वादक, हे त्या काळात अगदी दुर्मीळ होतं. नॉर्थ कॅरोलायनाचे जो थॉम्पसन (१९१८–२०१२) शेवटपर्यंत वाजवत होते आणि त्यांच्याकडे शिकलेल्या तरुणांचा कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा संच जगभर फिरला. स्टेपच्या गजातला ठेका कुठून आला याचा विचार करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

स्टेपची धून कोपलंडपर्यंत कशी पोचली?

एका बाईच्या कानातून. जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांचा ‘अवर सिंगिंग कंट्री’ हा संग्रह १९४१ मध्ये निघाला. त्यातली गाणी तबकड्यांवरून कागदावर उतरवण्याचं काम रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी केलं. त्या स्वतः आधुनिक संगीतकार होत्या. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, १९३० साली. एकेक तबकडी पुन्हा पुन्हा लावून, गजाचे झटके, अर्धवट लागलेले सूर, वाकड्या मात्रा हे सगळं त्यांनी नोटेशनमध्ये पकडायचा प्रयत्न केला. दुसरा कुणी असता तर त्याने धून ‘सरळ’ करून लिहिली असती आणि स्टेपचा स्टेप तिथेच संपला असता.

अ‍ॅग्नेस डी मिल या नृत्यदिग्दर्शिकेसाठी ‘रोडिओ’ लिहिताना कोपलंडने हे छापील नोटेशन घेतलं. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये पहिला प्रयोग झाला.

म्हणजे कोपलंडने चोरी केली?

लोकधुना घेऊन रचना करणं ही पाश्चात्त्य संगीतातली जुनी वाट आहे आणि कोपलंडने ‘हो-डाउन’मध्ये ‘मिस मॅक्लाउड्स रील’ ही दुसरी धूनही वापरली आहे. वाद्यमेळ, सुरुवातीची ती फिडल जुळवल्यासारखी गडबड, मधेच दम खाणं, हे सगळं त्याचं आणि फार हुशारीचं आहे. पण ‘पारंपरिक धून’ असं म्हणून विषय मिटवला जातो तेव्हा मला खटकतं. कोपलंडने जे घेतलं ते परंपरेत तसं कुठेच नव्हतं, ते स्टेपचं होतं. परंपरेतली धून घेतली असती तर बॅलेच्या शेवटी संथ कूचगीत वाजलं असतं. कायद्याने यात काही चुकलेलं नाही, पण कार्यक्रमपत्रिकेत कोपलंडच्या नावाखाली आणखी एका ओळीची जागा नक्की आहे.

याला शब्द आहेत का?

मूळ धुनेला नाहीत. पी वी किंग यांनी या चालीवर एक प्रेमगीत बांधलं आणि केय स्टार यांनी १९५० मध्ये ते गाऊन लोकप्रिय केलं. ग्लेन कॅम्पबेल यांनीही १९७४ मध्ये गायलं. चांगली गाणी आहेत, फिडल शिकायला उपयोगाची नाहीत.

तारा कशा लावायच्या?

आता कामाचं. नेहमीच्या व्हायोलिनच्या तारा जाडीकडून बारीककडे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन अशा असतात. या धुनेसाठी मधल्या दोन तारांना हात लावायचा नाही. सगळ्यात जाड तार पांढरी पाचवरून खाली पांढरी दोनवर आणायची, आणि सगळ्यात बारीक तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर. तिकडे अक्षरांनी याला ‘डी-डी-ए-डी’ म्हणतात, ‘डेड मॅन्स ट्यूनिंग’ हेही नाव आहे.

पांढरी दोन हा षड्ज धरला तर हे झालं मंद्र सा, मध्य सा, मध्य प, तार सा. तंबोऱ्याची सवय असलेल्या कुणालाही यात परकं काही वाटणार नाही. आपल्याकडचे व्हायोलिनवादकही षड्ज-पंचमात तारा लावतात, ते याच कारणाने : उघडी तार नेहमी सुरात बोलली पाहिजे.

बोटांचं गणितही सोपं होतं. चारांपैकी तीन तारा षड्जाच्या, म्हणजे तिन्हींवर बोटं तंतोतंत सारखी. एका सप्तकातला तुकडा हाताची जागा न बदलता दुसऱ्या सप्तकात उचलता येतो. ‘मिडनाइट ऑन द वॉटर’ हे टेक्ससच्या थॉमसन घराण्यातलं वॉल्ट्झही याच जुळणीत वाजतं. स्टेपची दौड झेपेना तर आधी ते वाजवावं, गुंज कशी धरायची ते तिथे निवांत कळतं.

तार तुटेल का?

तारा उतरवतोय, चढवत नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही. पण ताण कमी झाला की बाकीच्या तारा चढतात, म्हणून दोन-तीनदा फिरून जुळवावं लागतं. घोडी कलली नाही ना, ते मधूनमधून बघा. नेहमीच्या जुळणीवर परत येताना मात्र बारीक तार सावकाश चढवा. जाड तार इतकी सैल झालेली असते की गज दाबलात तर फडफडते. तिथे वजन काढून घ्यायचं, वेग ठेवायचा. स्टीलच्या तारा या कामाला बऱ्या, लवकर स्थिर होतात.

मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलोय. सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडे सूर आणि मींड आहे, तिची चिंता नको. अडचण गजाची. आपल्याकडे गज गळ्याच्या मागे जातो, लांब आणि अखंड, एका गजात कितीतरी स्वर. इथे गज पायांच्या मागे जातो.

म्हणून डावा हात पूर्ण बाजूला ठेवा. मधल्या दोन उघड्या तारांवर, सा आणि प वर, गज नुसता हिंदकळवा : एका तारेवरून दोन्हींवर, परत एकीवर. गजाचा मधला वीतभर भागच वापरा, आणि मनगट सैल. हे कंटाळवाणं काम आठवडाभर तरी करा. ठेका आपोआप पडायला लागला की मग चाल घाला, तीही संथ, कूचगीतासारखी. मांडी घालून, फिडलचं टोक पायावर टेकवून वाजवलंत तरी चालेल, उभं राहायची सक्ती नाही.

नोटेशन जवळ असू द्या, पण दुसऱ्या क्रमांकावर. आधी स्टेप वेग अर्धा करून ऐका. वेग कमी करणारी फुकट ॲप भरपूर आहेत. रेकॉर्डिंगची पट्टी तुमच्या पांढरी दोनशी जुळली नाही तर आपलं वाद्य रेकॉर्डिंगला जुळवून घ्या. आणि पहिल्या दिवसापासून ‘हो-डाउन’च्या वेगाने सुटू नका. आधी वेग आला की ठेका नंतर येत नाही, हे या शैलीत फार लवकर दिसतं.

कार्यक्रमात वाजवायला परवानगी लागते का?

पारंपरिक धून कुणाच्या मालकीची नाही, खुशाल वाजवा. कोपलंडचं ‘हो-डाउन’ मात्र वेगळं. ते १९९० मध्ये वारले. भारतीय कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५० अखेरपर्यंत. त्यांची मांडणी वाजवायची तर परवानगी घ्या. पी वी किंग यांच्या गीताचंही तेच.

अमेरिकेत राहतो. प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

व्हर्जिनियातल्या गेलॅक्स गावचा फिडलर्स कन्व्हेन्शन १९३५ पासून ऑगस्टमध्ये भरतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी मंडळींना माउंट एरी जवळ पडेल, तिथला मेळावा जूनमध्ये असतो. वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला ओल्ड टाइमवाल्यांचा तंबू टाकून राहायचा मोठा मेळा भरतो. स्टेपच्या मुलखाजवळ शिकायचं असेल तर केंटकीतल्या लेचर परगण्यात काउवन क्रीक माउंटन म्युझिक स्कूल उन्हाळ्यात भरतं. तिथे लहान मुलांनाही घेतात, आणि शिकवणी कानाने होते, कागदाने नाही.

मंचावरच्या स्पर्धा ऐका, पण खरं वादन तंबूंच्या मधल्या वाटांवर चालतं. गोल करून बसलेले असतात, बाहेर उभं राहून ऐकायला कुणाची हरकत नसते. एखाद्या गोलात जागा करून दिली तर बसा, मात्र त्यांना लगेच ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ वाजवा म्हणू नका. बँजोसकट सगळ्यांची जुळणी एका पट्टीत बसलेली असते आणि गोल तासन्‌तास त्याच पट्टीत राहतो. एका धुनेसाठी सगळ्यांनी तारा उतरवायच्या आणि मग परत चढवायच्या, हे कुणालाच नको असतं. ज्यांना ती वाजवायची हौस असते ते दुसरं फिडल आधीच जुळवून पेटीत ठेवून आणतात. तुम्हीही तेच करा, आणि तुमची पाळी आल्यावर एकट्याने वाजवा.